खेळाडू होऊ म्हणणारे मूल आणि त्याचे घर

मुंबईस दादरच्या शिवाजी पार्कवर संध्याकाळी पाचच्या सुमारास फेरी मारणाऱ्या माणसास एक दृश्य हमखास दिसते. मैदानात पांढऱ्या पोशाखातील मुले जाळ्यांमधून फलंदाजीचा सराव करीत असतात, आणि मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर कोणाची आई, कोणाचे आजोबा, मांडीवर डबा व पाण्याची बाटली घेऊन बसलेले असतात. मुलाचे दप्तर त्यांच्या पायाशी असते. सराव संपला की उभ्याउभ्याच खाणे, मग गर्दीच्या गाडीतून घर, घरी गेल्यावर उद्याचा गृहपाठ. जे ह्या कट्ट्यावर चालते तेच थोड्याफार फरकाने पुण्याच्या पोहण्याच्या तलावावर, कोल्हापूरच्या तालमीत आणि नागपूरच्या बॅडमिंटनच्या अंगणात चाललेले असते. ह्या सर्व आईबापांच्या मनात एकच प्रश्न असतो: मूल खेळाडू व्हावयाचे म्हणते, त्यास किती साथ द्यावी आणि कोठवर द्यावी?

ह्या प्रश्नास घरोघर दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर जुने आहे. ‘आधी चार बुके शीक, नोकरीस लाग, मग खेळ काय खेळायचा तो’, असे सांगून मुलाचे तोंड बंद करण्यात येते. दुसरे उत्तर अलीकडचे आहे. मुलाने शाळेच्या सामन्यात पन्नास धावा केल्या की बाप कर्ज काढतो, आई नोकरी सोडते, शाळा नावापुरती उरते आणि सगळे घर त्या एका बॅटीभोवती फिरू लागते. दिसावयास ही उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. पण दोहोंत दोष एकच. दोन्ही ठिकाणी वडील माणसे मुलाच्या भविष्याचा शेवट आधी ठरवितात आणि समोर उभे असलेले आजचे मूल पाहावयाचे विसरतात. ह्या दोहोंच्या मधली वाट आहे. ती कष्टाची आहे. पण ती चालून गेलेली माणसे महाराष्ट्रात आहेत.

खेळ म्हणजे उनाडकी, ही समजूत आपल्याकडे पुष्कळ काळ टिकली. तरीही ती न मानणारे लोक त्या काळीही होते. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा ह्याच जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटा ह्यांच्या पुढाकाराने हिंदी खेळाडूंचे एक लहानसे पथक तेथे गेले. त्यातील फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉन शर्यतीत एकोणिसावे आले. पदक मिळाले नाही. पण ह्या देशातील माणूस जगाच्या शर्यतीत धावू शकतो एवढे सिद्ध झाले.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी जे घडले ते महाराष्ट्रातील प्रत्येक पालकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव ह्यांचा जन्म १९२६ सालचा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरीच मिळाले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि आपल्या वजनगटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या प्रवासाचे फळ म्हणजे स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडण्यास हातभार लावला.

ह्या हकीगतीतून लोक सहसा एकच बोध घेतात: त्याग करावा, घर गहाण ठेवावे, म्हणजे पदक मिळते. परंतु थोडे बारकाईने पाहावे. घर गहाण पडले ते सहा वर्षांच्या मुलाच्या हट्टासाठी नव्हे. लंडनमध्ये जगात सहाव्या आलेल्या सव्वीस वर्षांच्या, सिद्ध झालेल्या मल्लासाठी. शिवाय तो मल्ल कॉलेजात शिकलेला होता. आणि पदक मिळाल्यावरही पोटाचा प्रश्न सुटला नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले आणि त्या नोकरीवरच त्यांचा संसार चालला. तेव्हा ह्या एका चरित्रातून तीन गोष्टी मिळतात. साथ जरूर द्यावी. ती मुलाच्या तयारीच्या प्रमाणात वाढवीत न्यावी. आणि खेळाशेजारी उपजीविकेचे दुसरे दार नेहमी उघडे ठेवावे.

दुसरे दार का हवे, ह्याचा हिशेब अगदी सोपा आहे. क्रिकेटमध्ये ज्या आयपीएल स्पर्धेचा एवढा गवगवा आहे तीत दहा संघ असून प्रत्येक संघात फार तर पंचवीस खेळाडू घेता येतात. त्यांपैकी आठपर्यंत परदेशी असू शकतात. सर्व संघांनी तेवढे परदेशी खेळाडू घेतले तर भारतीयांसाठी साऱ्या देशात एकशे सत्तर जागा उरतात, आणि एकदा शिरलेला खेळाडू त्या जागेवर आठ-दहा वर्षेही राहू शकतो. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकला एकशे चाळीस कोटींच्या देशातून एकशे सतरा खेळाडू गेले. हे आकडे मुलाचा उत्साह मारण्यासाठी सांगावयाचे नाहीत. पण घरच्या कर्त्या माणसांना ते ठाऊक असले पाहिजेत. जो धंदा शेकडो मुलांपैकी एखाद्यालाच भाकरी देतो, त्यावर सगळ्या घराची भाकरी तोलून धरणे म्हणजे मुलाच्या कोवळ्या खांद्यांवर न पेलणारे ओझे देणे होय.

शिवाय हा एखादा कोण, हे लहानपणी ओळखता येत नाही. १९८८ सालच्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. त्यांत विनोद कांबळी ३४९ आणि सचिन तेंडुलकर ३२६ धावांवर नाबाद होते. त्या दिवशी धावफलक पाहून भाकीत करणाराने विनोदचे नाव आधी घेतले असते. पुढे दोघेही भारताकडून खेळले. एकाच्या वाट्यास १७ कसोटी सामने आले, दुसऱ्याच्या २००. उलट, बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे ह्याची वाट पाहावी. शेतकऱ्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि तेथे २०१५ सालापासून क्रॉस-कंट्री शर्यतींत खऱ्या अर्थाने पुढे आला. म्हणजे वयाची विशी ओलांडल्यावर. २०२३ साली हांगझोच्या आशियाई सामन्यांत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. नीरज चोप्रा ह्यास तर घरच्यांनी वजन उतरावे म्हणून व्यायामास धाडले होते. भाला त्यास वाटेत भेटला. म्हणून दहाव्या वर्षी मागे पडलेले मूल कायमचे मागे पडले असे समजू नये, आणि दहाव्या वर्षी पुढे असलेले मूल पोहोचलेच असेही समजू नये.

मग पालकाने पाहावयाचे काय? सर्वांत आधी हे, की स्वप्न मुलाचे आहे की आपले. पुष्कळ घरांत बापाची हुकलेली संधी मुलाच्या पाठीवर बसून मैदानात येते. हे ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. पहाटे कोण कोणास उठविते, मूल आईस की आई मुलास? सुट्टीच्या दिवशी, कोणी सांगितले नसताना, मूल चेंडू घेऊन भिंतीशी जाते काय? हरल्यावर त्यास खेळाचे दुःख होते, की घरी काय म्हणतील ह्याची धास्ती वाटते? सामन्याच्या सकाळी दर वेळी पोट दुखू लागले, तर ते दुखणे पुष्कळदा पोटाचे नसून मनाचे असते. ज्या मुलास खेळाची ओढ आहे त्यास ढकलावे लागत नाही. त्यास कधी कधी आवरावे लागते.

आवरण्याची गरज का पडते, हे शरीरशास्त्र सांगते. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड लांब होते ते तेथून. सर्वसाधारणपणे मुलींमध्ये चौदा-पंधराव्या व मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षाच्या आसपास हा थर घट्ट हाडात मिळून जातो. तोपर्यंत तो आजूबाजूच्या हाडाहून आणि स्नायुबंधांहून दुबळा असतो. एकच हालचाल रोज शेकडो वेळा केली की त्या जागी ताण साचतो. गुडघ्याच्या वाटीखाली हाडास उंचवटा येऊन तो दुखू लागणे, टाच दुखणे, गोलंदाजाचा खांदा धरणे, ही त्याचीच लक्षणे होत. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या कोवळ्या मुलांच्या कमरेच्या मणक्यास बारीक चीर पडते. आणि म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयाप्रमाणे एका दिवसात किती षटके टाकावीत ह्याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे पुष्कळदा एकाच मुलास सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबासाठी व संध्याकाळी जाळ्यात गोलंदाजी करावी लागते आणि तिन्ही ठिकाणची बेरीज कोणीच करीत नाही. ही बेरीज घराने करावी. वहीत तारीख लिहून किती षटके, किती तास आणि कोठे दुखले एवढे टिपले तरी पुष्कळ अनर्थ टळतात. आठवड्याहून अधिक टिकणारे, रात्री झोपेतून उठविणारे, किंवा मुलास लंगडावयास लावणारे दुखणे मालिश करून दडपू नये; हाडांच्या डॉक्टरास दाखवावे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली ह्या बाबतीत जो सल्ला दिला तो आपल्या घरांसही लागू पडणारा आहे. पंधरा-सोळा वर्षे होईपर्यंत मुलास एकाच खेळाला जुंपू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. आणि वर्षातून तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, मुख्य खेळापासून दूर ठेवावे. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लवकर सुरुवात करावी लागते हे खरे, पण ते अपवाद होत. एक सोपा आडाखा असाही सांगतात, की मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास त्याने आठवड्यात शिस्तीचा सराव करू नये. बारा वर्षांच्या मुलास बारा तास पुष्कळ झाले. उरलेल्या वेळात त्याने लंगडी, खो-खो, आट्यापाट्या खेळाव्यात, झाडावर चढावे, नदीत डुंबावे. हा वेळ वाया जात नाही. अंगाला वळण लागते, तोल सुधारतो, आणि मन विटत नाही. मल्लखांब करणाऱ्या मुलास इतर खेळांत उपयोगी पडणारी पकड व लवचिकपणा आपोआप येतो, हे आपल्या जुन्या व्यायामशाळांना पूर्वीपासून ठाऊक होते.

झोप आणि आहार ह्यांविषयीही असेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठणारे मूल रात्री अकरापर्यंत अभ्यास करीत असेल, तर ते दोन्ही ठिकाणी अर्धेच पोहोचते. आहारासाठी परदेशी डबे आणावे लागत नाहीत. भाकरी, भात, डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, फळे, आणि ज्या घरात चालतात तेथे अंडी व मासे, एवढ्यात खेळणाऱ्या मुलाचे सर्व भागते. फक्त ते पोटभर आणि वेळेवर मिळाले पाहिजे. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जावे, म्हणूनच कट्ट्यावरचा तो डबा फार मोलाचा. बाजारातील ताकदीच्या भुकट्यांविषयी मात्र सावध असावे. अशा भुकट्यांत कधी कधी निषिद्ध द्रव्यांची भेसळ सापडते, आणि खेळाडूच्या अंगात जे आढळले त्यास तोच जबाबदार, असा जागतिक नियम आहे. भारतात २०२२ साली ह्याविषयी कायदाही झाला. सर्दी-खोकल्याचे औषध देतानाही, मूल स्पर्धेत उतरणारे आहे, हे डॉक्टरांस सांगावे.

मुलींच्या बाबतीत घराने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडले की मुलीची मासिक पाळी उशिरा येते किंवा बंद होते. पुष्कळ ठिकाणी हे सरावाचे लक्षण समजून सोडून देतात. वस्तुतः ती शरीराने दिलेली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास हाडे ठिसूळ होतात. आईने हा विषय संकोच न करता बोलावा. आणि वयात आलेली मुलगी एकाएकी मैदानावरून दिसेनाशी होते, ह्याचे कारण पुष्कळदा तिची इच्छा नसून स्वच्छतागृहाचा अभाव, परतीच्या वाटेचा अंधार आणि शेजाऱ्यांची जीभ हे असते. हे अडथळे मुलीने नव्हे, वडील माणसांनी दूर करावयाचे असतात. सांगलीस वाढलेल्या स्मृती मंधाना हिने थोरल्या भावाचा सराव पाहून बॅट हाती घेतली. घराने भावास एक न्याय आणि बहिणीस दुसरा असे केले नाही. २०२५ सालच्या नोव्हेंबरात नवी मुंबईस भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा ती त्या संघाची उपकर्णधार होती.

आता गुरूविषयी. १९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावास घेऊन रमाकांत आचरेकर ह्यांच्याकडे शिवाजी पार्कवर गेला. सर समोर उभे असल्याने सचिन बावरला आणि पहिल्या दिवशी खेळ जमला नाही. अजितने सरांस विनंती केली, की जरा दूर राहून, त्याच्या नकळत त्यास पाहावे. सरांनी तसे केले आणि मुलास घेतले. भावाने येथे काय केले ते पाहावे. त्याने वशिला लावला नाही, वाद घातला नाही; आपल्या भावास तो ओळखत होता, आणि ती ओळख त्याने गुरूच्या कानी घातली. पुढे आचरेकरांच्या सल्ल्याने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात नाव घातले गेले, आणि रोजच्या प्रवासाने मूल थकते असे दिसल्यावर शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे त्याची राहण्याची सोय झाली. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक व कवी, आई नोकरी करणारी. ह्या घराने लाखो रुपये ओतले नाहीत. त्यांनी माणसे, वेळ आणि विश्वास दिला. मध्यमवर्गीय घरापाशी देण्यासारखे हेच असते, आणि ते थोडे नव्हे.

गुरूवर विश्वास हवा. पण डोळे मिटून नको. चांगला प्रशिक्षक पालकांस सराव पाहू देतो, दुखापत झालेल्या मुलास विश्रांती देतो, चुकांबद्दल रागावतो पण मुलाचा पाणउतारा करीत नाही, आणि महिन्याभरात जिल्ह्याच्या संघात घेण्याची हमी देत नाही. जो पालकांस मैदानाबाहेर ठेवतो, मुलाशी घरच्यांच्या नकळत फोनवर बोलतो, परगावच्या सामन्यांस मुलास एकट्याने आपल्या खोलीत ठेवतो, त्याच्यापासून मूल ताबडतोब काढून घ्यावे; मग त्याच्या भिंतीवर कितीही पदके टांगलेली असोत. लहान मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ सालापासून देशात आहे आणि तो क्रीडांगणासही लागू आहे. ‘कोणी नकोसा स्पर्श केला तर घरी सांग, तुझा खेळ बंद होणार नाही’, हे वाक्य प्रत्येक मुलामुलीने आईबापांच्या तोंडून ऐकलेले असावे. खेळ बंद होईल ह्या भीतीनेच मुले गप्प राहतात.

पैशाच्या बाबतीत एक नियम पाळावा. खर्च मुलाच्या प्रगतीच्या मागून जावा, पुढून नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे साधे साहित्य, जवळचे मैदान आणि शाळेचा संघ एवढ्यावर निभावते. राखून ठेवलेला पैसा, दुसऱ्या भावंडाच्या शिक्षणाची तरतूद आणि राहते घर ह्यांस हात लावू नये. मूल जिल्हा व राज्य पातळीवर पोहोचले की सार्वजनिक साहाय्याची दारे उघडू लागतात. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींत निवडक मुलांस निवास, शिक्षण व प्रशिक्षण मिळते. केंद्र शासनाच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत, आठ वर्षे खर्च करण्याची तरतूद ठेवण्यात आली. राज्याच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाचा निर्णय २००५ साली झाला. रेल्वे, सैन्य व पोलीस ह्यांतही खेळाडूंची भरती होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्याची वाट ह्याच पायऱ्यांवरून गेली. वडील शिक्षक, त्यांनी २००९ साली त्यास क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे त्याने नेमबाजी निवडली. २०१५ साली तो रेल्वेत नोकरीस लागला, आणि २०२४ साली पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळावयास बहात्तर वर्षे लागली. आणि त्या पदकामागे एका मुलाची पंधरा वर्षे होती. पंधरा वर्षे हे माप प्रत्येक घराने मनाशी बाळगावे. दोन वर्षांत फळ मागणाऱ्याने हे झाड लावू नये.

शिक्षण चालू ठेवणे म्हणजे खेळावर अविश्वास दाखविणे, असे काही मुलांस वाटते. त्यांस हे समजावून सांगावे, की सर्वश्रेष्ठ खेळाडूचाही खेळ पस्तिशी-चाळिशीत संपतो आणि त्यापुढे तितकेच आयुष्य उरते. पहिल्या दहांत येण्याचा आग्रह धरू नये. पण वाचता-लिहिता येणे, हिशेब समजणे, एखादी भाषा बरी बोलता येणे, हे खेळाडूसही लागते. करारावर सही करणाऱ्यास करार वाचता आला पाहिजे. शिवाय खेळाभोवती आज पुष्कळ व्यवसाय उभे राहिले आहेत: प्रशिक्षक, पंच, शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, दुखापतींवर उपचार करणारा तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समालोचक. खेळाडू न झालेल्या पण खेळावर जीव असलेल्या मुलास त्यांतील एखादे दार शिक्षणानेच उघडते.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. वयोगटाच्या सामन्यांत मुलास लहान दाखविण्यासाठी जन्मतारीख बदलण्याचा मोह काही घरांना होतो. आता मनगटाच्या हाडांचे चित्र घेऊन वय तपासण्याची पद्धत क्रिकेटमध्ये रूढ आहे, आणि लबाडी उघडकीस आल्यास खेळण्यास बंदी होते. पण पकडले जाण्याहूनही मोठे नुकसान दुसरेच आहे. ज्या दिवशी बाप मुलास सांगतो, ‘कोणी विचारले तर वय एवढे सांग’, त्या दिवशी तो त्यास हेही सांगतो की तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस. ह्या शिकवणीवर उभा राहिलेला खेळ फार काळ उभा राहत नाही.

घराची खरी कसोटी लागते ती पराभवाच्या संध्याकाळी. शून्यावर बाद झालेले मूल आईजवळ बसून गाडीतून घरी येत असते. अशा वेळी काय चुकले ह्याचा पाढा वाचणाऱ्या आईबापांस वाटते, आपण मुलास शिकवीत आहोत. वस्तुतः मुलास ते सर्व ठाऊक असते. ते सांगावयास प्रशिक्षक आहे. घराने त्या संध्याकाळी एवढेच करावे: भूक लागली असेल, खा म्हणावे, आणि गप्प बसावे. बोलावेसे वाटेल तेव्हा मूल आपणहून बोलते. जिंकल्यावर ज्या आवाजात हाक मारली त्याच आवाजात हरल्यावरही हाक ऐकू आली, तर मूल निर्भय होते; आणि निर्भय मूलच मैदानात धाडस करू शकते. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना तर कधीच करू नये. शरीराची वाढ प्रत्येकाची निराळी असते; चौदाव्या वर्षी जो मिशी फुटलेला धिप्पाड मुलगा सर्वांस हरवितो, त्यास सतराव्या वर्षी सगळे गाठतात.

आणि शेवटी थांबण्याविषयी. शेकडो मुलांतील बहुतेकांस कधी ना कधी थांबावे लागते. ते अपयश नव्हे. पण घराने ते अपयश मानले तर मूलही तसेच मानते. दर वर्षी, परीक्षा व हंगाम संपल्यावर, आईवडील आणि मूल ह्यांनी एकत्र बसावे. वर्षभरात काय साधले, प्रकृती कशी राहिली, अभ्यास किती मागे पडला, पैसा किती लागला, आणि मुख्य म्हणजे मुलास अजून हवे आहे काय, हे मोकळेपणाने बोलावे. असे बोलणे दर वर्षी होत असले तर थांबण्याचा निर्णय कडेलोट होत नाही. तो वाटेवरचा एक वळसा ठरतो. त्या बैठकीत धाकट्या भावंडासही जागा असावी. एकाच्या स्वप्नासाठी दुसऱ्याने किती सुट्ट्या मैदानाच्या कडेला बसून घालविल्या, हे कोणीतरी विचारलेले बरे.

अंधार पडू लागला की शिवाजी पार्कवरील जाळी गुंडाळली जातात. घामाने भिजलेली मुले कट्ट्याकडे येतात. कोणी हसत, कोणी बॅट ओढीत. कोणाच्या नशिबी कसोटीची टोपी आहे, कोणाच्या नशिबी शाळेच्या संघातील राखीव जागा, हे त्या घटकेस कोणासही सांगता येत नाही. डब्याचे झाकण मात्र सर्वांसाठी सारखेच उघडते. ज्या घरी ते असे सारखेच उघडत राहते, तेथील मूल खेळाडू होवो वा न होवो, खेळातून जे शिकावयाचे ते घेऊनच मोठे होते.